सातशे चौतीस नंबरचा खूर

दरवर्षी स्मरणदिन जवळ आला की कर्नलच्या घरून तो कोट आमच्या लाँड्रीत यायचा आणि दरवर्षी माझं डोकं फिरायचं. खाकी, जाडजूड, बंद गळ्याचा, पितळी बटणांचा कोट. कर्नलच्या आजोबांचा, म्हणजे हवालदारांचा. कर्नल स्वतः कधी सैन्यात गेला नव्हता. आयुष्यभर सिमेंट विकलं त्याने. पण मिशा अशा ठेवल्या होत्या आणि बोलायचा असा, की लोक चेष्टेने कर्नल म्हणायला लागले आणि हळूहळू त्यालाही ते खरं वाटायला लागलं.

तो कोट बाबा मला हात लावू द्यायचे नाहीत. स्वतः ओलं फडकं अंथरायचे, आधी बाह्या, मग पाठ, मग गळा. बटणांखाली पुठ्ठा सरकवायचे, म्हणजे कापडावर वळ उठू नये. पंच्याऐंशीच्या घरातला माणूस, गुडघे दुखतात, पण त्या कोटासाठी उभा. मी म्हणायचे, "बाबा, कशाला एवढी सेवा? एकदा छातीवर इस्त्री ठेवा आणि विसरून जा!" ते म्हणायचे, "कपड्याचा काय दोष?"

कपड्याचा नव्हता, पण कपडेवाल्याचा होता. माझे आजोबा आणि हवालदार एकाच तुकडीत होते. आजोबा खेचर हाकायचे. रस्ता नसलेल्या डोंगरात दारूगोळा, पाणी, पीठ पोचवायचं काम. बाबा तेव्हा पाळण्यात. लढाई संपली, हवालदार पदकं लावून परत आले आणि त्यांनी आजीला दारातच उभ्या उभ्या सांगितलं, "तुझा नवरा खेचर घेऊन पळून गेला. वाट बघू नकोस." झालं. आजीला ना पेन्शन, ना सहानुभूती. विधवा म्हणावं तर नवरा मेलेला नाही, सवाष्ण म्हणावं तर नवरा नाही. ती लोकांचे कपडे धुवायला लागली, त्यातून ही लाँड्री झाली. आणि बाबांना शाळेत नाव पडलं, पळपुट्याचा पोरगा. म्हातारपणी लोक तोंडावर 'इस्त्रीवाले काका' म्हणायचे, पण पाठ वळली की तेच.

चौकात लढाईत गेलेल्यांचा दगड आहे. त्यावर आजोबांचं नाव नाही. बाबा आयुष्यभर दुकानात येता-जाता त्या दगडाला वळसा घालून गेले. सरळ गेलं तर दोन मिनिटं वाचतात, पण नाही.

मग जुना दगड झिजला म्हणून नवीन बसवायचं ठरलं. कमिटीचा अध्यक्ष अर्थातच कर्नल. सभा भरली, आणि कधी नव्हे ते बाबा धुतलेला शर्ट घालून सभेला गेले. मी बरोबर होते. त्यांनी हात वर केला. आवाज थरथरत होता. म्हणाले, "माझे वडील परत आले नाहीत. कुठेतरी गेलेच असतील ना ते. एवढी नावं आहेत, शेवटी एक बारीक अक्षरात…"

कर्नलने त्यांना पूर्ण बोलूसुद्धा दिलं नाही. मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, पळपुट्यांची नावं आपण दगडावर कोरत नसतो."

लोक हसले. सगळे नाही, पण हसले. आमच्याकडे उधारीवर कपडे टाकणारेसुद्धा हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार तेवढ्यात बाबांनी माझा हात धरला. घरी येईपर्यंत सोडला नाही. त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. डॉक्टर म्हणाले, वय झालं. वय कसलं डोंबलाचं! वय त्याच्या आदल्या दिवशीही तेवढंच होतं.

मी त्याच रात्री मनाशी गाठ मारली. बाबांच्या डोळ्यांदेखत आजोबांचं नाव त्या दगडावर चढवीन आणि ज्या तोंडाने कर्नल ते बोलला, त्या तोंडाला भर चौकात कुलूप लावीन. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा जास्त हवी होती. खोटं कशाला बोलू?

सैन्याच्या जुन्या कागदांचं कार्यालय दुसऱ्या शहरात. दुकान शेजारणीवर टाकून बसने गेले. खिडकीत एक बाई बसल्या होत्या, केस पांढरे, चष्म्याला दोरी. म्हणाल्या, "सैनिकाचा नंबर?"

"नंबर कुठला? आम्हाला माणूस माहीत नाही, नंबर कुठून माहीत असणार?"

"मग गाव, वर्ष, तुकडी. आणि तुम्ही कोण त्यांच्या?"

"नात."

"नात चालत नाही. मुलगा हयात असेल तर अर्ज त्याचा लागतो."

गेले परत. बाबांना सांगितलं, विम्याचा कागद आहे, सही करा. त्यांनी चष्मा न लावता सही केली. पुन्हा बस. मग मुलगा त्यांचाच कशावरून, याचा पुरावा. पुन्हा बस. मग पुराव्यावर आजीचं नाव वेगळं, कारण लग्नानंतर बदललेलं. माझी चप्पल झिजली, पण मीही हाडाची चिवट. शेवटी रेकॉर्डवाल्या बाईच कंटाळल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही काही सुटणाऱ्यातल्या दिसत नाही. बसा."

एक पिवळं पान आलं. आजोबांचा अंगठा होता त्यावर. उंची, रंग, डाव्या भुवईवर व्रण. बाबांच्या घरात एक फोटो नाही त्यांचा, त्यामुळे भुवईवर व्रण होता हेसुद्धा मला तेव्हा कळलं. खाली लिहिलं होतं, ताब्यात दिलेलं खेचर, नंबर सातशे चौतीस. आणि अगदी खाली, लाल शाईत, 'खेचरासह फरार. माहिती देणार: हवालदार', पुढे त्या मेल्याचं नाव.

म्हणजे खरंच होतं तर. एवढी धावपळ केली ती स्वतःच्याच तोंडाला काळं फासायला! मी पर्स उचलली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या पाण्याचाही राग येत होता.

"बसा हो," बाई म्हणाल्या. "खेचराचं काय झालं ते बघायचं नाही का?"

"खेचराचं मला काय करायचंय?"

"खेचर सरकारी होतं. माणूस पळाला तर एक ओळ लिहितात, पण जनावर गेलं तर चौकशी होते. माणसांचे कागद इथे खाली आणि जनावरांचे वरच्या मजल्यावर. जनावरांचा विभागच वेगळा, पशुवैद्यांचा. दोघांचं एकमेकांशी कधी बोलणं नाही. तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही."

त्यासाठी वेगळा अर्ज होता, हे सांगायलाच नको. तोही भरला. आठवड्याने परत गेले तर बाई स्वतः वर जाऊन आल्या होत्या. त्यांनी कागद माझ्याकडे न देता स्वतः वाचून दाखवला, सावकाश.

खेचर सातशे चौतीस. आजोबा 'फरार' झाले त्याच तारखेला. दरीत कोसळून मेलं. पाठीवर काय होतं? सरकारी सामान नाही. सोबत कोण होतं? हाकणारा. हाकणाऱ्याचं काय झालं? दोर मनगटाला गुंडाळलेला असल्यामुळे जनावराबरोबर गेला, जनावराखाली सापडून मृत. पुरावा? नंबरचा खूर हजर केला. खूर हजर करणार: हवालदार.

तेच नाव. तीच सही.

मग बाईंनी समजावून सांगितलं. प्रत्येक खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असायचा. जनावर मेलं असं सांगून लोक ते बाहेर विकायचे, म्हणून नियम होता की मेलेल्या जनावराचा नंबरचा खूर कापून आणायचा. खूर नाही आणला तर किंमत तुकडीच्या हवालदाराच्या पगारातून कापायची.

"पाठीवर सरकारी सामान नाही," बाई म्हणाल्या, "म्हणजे कुणाचं तरी खासगी होतं. हवालदाराचंच असणार. स्वतःच्या कामाला माणूस पाठवला आणि तो मेला, हे साहेबांना सांगितलं असतं तर चौकशी लागली असती. म्हणून खाली सांगितलं पळाला. आणि खेचराचे पैसे भरायला लागू नयेत म्हणून वर सांगितलं मेलं. वरच्यांना माणसाशी देणंघेणं नव्हतं आणि खालच्यांना खेचराशी."

"म्हणजे तो दरीत उतरला होता?" मी विचारलं. "खूर कापायला?"

"उतरल्याशिवाय कसा कापणार?"

उतरला होता. माझ्या आजोबांच्या अंगावर पडलेलं खेचर त्याने बघितलं. सुरी काढली, खूर कापला, पिशवीत टाकला आणि वर चढून आला. माणूस तिथेच. वर आला आणि म्हणाला, पळाला.

आणि मग मला एकदम आठवलं, आणि मी त्या कार्यालयात इतक्या मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले की दोन-तीन जणांनी माना वर केल्या. कर्नलच्या दिवाणखान्यातलं काचेचं कपाट! लहानपणापासून मी त्या घरी कपडे पोचवायला जात होते. त्या कपाटात पॉलिश केलेला एक खूर होता, वर पितळी झाकण, आत पेनं ठेवलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला कर्नल सांगायचा, "आजोबांचं खेचर. गोळी लागली तरी त्यांना घेऊन धावत राहिलं." नंबर तपासून झाल्यावर पशुवैद्याने टाकून दिला असेल, आणि हवालदाराने शौर्याची आठवण म्हणून उचलून आणला. हौस बघा माणसाची!

दोन्ही कागदांच्या शिक्क्याच्या नकला घेतल्या. रेकॉर्डवाल्या बाई म्हणाल्या की 'फरार' खोडून 'कामावर असताना मृत्यू' अशी दुरुस्ती करायचा अर्ज त्याच पुढे पाठवतील. मी त्यांचे दोन्ही हात धरले.

परतल्यावर पहिलं काम, कर्नलच्या पडद्यांची घडी उचलली आणि त्याच्या घरी गेले. गोड आवाज काढला. माझी मलाच किळस आली, पण काढला.

"कर्नलसाहेब, तो खूर या वर्षी समारंभात का नाही ठेवत? नवीन दगड, एवढे लोक येणार. तुम्हीच त्याची गोष्ट सांगा ना माईकवर. नंबरसकट. लोकांना खरं वाटतं नंबर असला की."

त्याची छाती दोन इंच वर आली. "आहे ना नंबर! कुणाला माहीतच नाही." त्याने पेनं काढून ठेवली, खूर उलटा केला आणि खिडकीशी नेला. सातशे चौतीस. आकडे पॉलिशने काळे पडले होते पण स्पष्ट होते. मी म्हणाले, "वा!" आणि पडद्यांचे पैसेसुद्धा न घेता निघाले.

बाबांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. ते दुकानात त्याच कोटावर वाकलेले. मी शटर अर्धं ओढलं आणि सगळं सांगितलं, विम्याची थाप धरून. ते ऐकत राहिले. मग एवढंच विचारलं, "म्हणजे हवालदारांनी त्यांना बघितलं होतं?"

"हो बाबा."

"आणि तसंच टाकून आले?"

"हो."

बाबांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. बोर्डावर दोन्ही हात टेकले. मग म्हणाले, "दोर सोडला नाही त्यांनी." आणि मग लहान मुलासारखे रडले. पंच्याऐंशी वर्षांचं रडू ते, मधे थांबेना. मी पाणी दिलं. ते प्यायले, डोळे पुसले आणि परत इस्त्री चालू केली.

"बाबा! अजूनही तो कोट?"

"घेतलेलं काम अर्धवट द्यायचं नाही," ते म्हणाले. बटणांखाली पुठ्ठा सरकवला. कधी नव्हे इतका कडक निघाला कोट त्या दिवशी.

स्मरणदिनाला चौक भरला. नवीन दगडावर पांढरा कपडा, बाजूला टेबल, टेबलावर मखमलीच्या उशीवर खूर. कर्नल कोट घालून, पदकं लावून. बाबा दगडाजवळ खुर्चीत. कर्नलने गोळीची गोष्ट सांगितली, खेचर कसं धावलं ते सांगितलं, आणि मग खूर हातात उंच धरून म्हणाला, "आणि हा पाहा नंबर. सातशे चौतीस!"

टाळ्या पडल्या. टाळ्या संपायच्या आत मी व्यासपीठावर होते.

"पुन्हा एकदा सांगा नंबर, कर्नलसाहेब."

"सातशे चौतीस," तो हसत म्हणाला.

मी माईक घेतला. शाळेच्या मोठ्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, कमिटीतल्याच. कागद त्यांच्या हातात दिले आणि म्हटलं, "बाई, मी वाचलं तर लोक म्हणतील ही बनवून सांगते. तुम्ही वाचा." त्यांनी आधी मनात वाचलं. चेहरा बदलला त्यांचा. मग उभ्या राहून मोठ्याने वाचलं. आधी खालच्या मजल्याचा कागद, मग वरच्या मजल्याचा. हवालदारांचं नाव त्यांनी दोन्ही वेळा खणखणीत घेतलं.

कर्नलच्या हातात खूर तसाच होता. ठेवावा की धरावा, त्याला कळेना. पाचावर धारण बसली होती त्याची. मी ते मनसोक्त बघितलं. खोटं नाही सांगत, इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

"आजोबांनी काय केलं त्याला मी काय करू?" तो कसाबसा म्हणाला. "माझा काय गुन्हा?"

"आजोबांनी केलं ते आजोबांचं," मी म्हणाले. माईक तोंडाशीच होता. "पण माझे बाबा हात वर करून एक ओळ मागत होते, तेव्हा सगळ्यांना त्यांच्यावर हसवलं कुणी? ते तुमचं. आणि त्या दरीतून पळून आलेला माणूस एकच होता, कर्नलसाहेब. त्याचा कोट आज तुमच्या अंगावर आहे."

बाबा उठले. काठी टेकत टेबलाशी आले आणि कर्नलसमोर हात पसरला. कर्नलने खूर त्यांच्या हातात ठेवला. बाबांनी तो छातीशी धरला आणि खुर्चीकडे परत गेले. त्यांच्या वडिलांनी हात लावलेली जगातली तेवढी एकच वस्तू होती.

आजोबांचं नाव बारीक अक्षरात नाही, बाकीच्यांइतक्याच अक्षरात कोरलं गेलं. कर्नलने अध्यक्षपद सोडलं, म्हणजे सोडायला लागलं. दुरुस्तीचा कागद आला, त्यावर पहिल्यांदाच 'मृत्यू' हा शब्द आला आणि बाबांनी त्या दिवशी पोटभर जेवण केलं. आता ते दुकानात चौकातून सरळ येतात, दगडापाशी थांबून. खूर आमच्या काउंटरवर आहे. झाकण मी काढून फेकून दिलं.

गंमत म्हणजे मी थंड झाले. एवढी वर्षं पोटात जे धुमसत होतं ते त्या एका सकाळीच संपलं. कर्नल रस्त्यात दिसला की मान खाली घालून जायचा, आणि मला वाटायचं, पुरे झालं, जाऊ दे.

वर्ष गेलं. स्मरणदिन जवळ आला आणि एका सकाळी कर्नल स्वतः दुकानात आला. मिशा कापलेल्या. हातावर तो कोट, पदकं काढलेली. खुराकडे बघायचं टाळत म्हणाला, "ताई, दुसरीकडे दिला होता. बटणांचे वळ उठले. काकांसारखा हात कुणाचा नाही." मग जरा थांबून, "मागे बसेन मी समारंभात. फक्त अंगात असावा एवढंच."

मला, काय सांगू, दया आली. मी चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं आणि कोटासाठी हात पुढे केला.

"थांब," मागून बाबा म्हणाले. तेच बाबा, ज्यांनी आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिलं नाही. हातातला शर्ट त्यांनी बाजूला ठेवला. "कोट कुणाचा?"

"आजोबांचा, काका," कर्नल म्हणाला. "तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. आवाज जराही थरथरला नाही. "परत दे गं त्यांना. पळपुट्यांच्या कपड्यांना आपण इस्त्री करत नसतो."